रबराआडचा रस्ता

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला सारा बाजार थंडोबा म्हणत असे. हे नाव त्याला व्यवसायावरून पडले होते, स्वभावावरून नव्हे. कारण त्याच्याइतका काळजीखोर मनुष्य त्या बाजारात शोधूनही सापडला नसता. दुकानाला कुलूप लावले की तो ते ओढून पाही, चार पावले पुढे जाई, आणि मागे येऊन पुन्हा ओढून पाही. जिन्यावरून उतरणाऱ्या परक्या माणसालाही त्याने "सांभाळून हं" म्हटले नाही, असे कधी घडले नाही. अशा मनुष्याच्या पोटी दैवाने कन्या घातली ती अशी, की जिने रोज सकाळी धावत्या पिकअपच्या फाळक्यामागे हातभर अंतर राखून सायकल पळवावी! लहानपणी घरभर गरगर फिरे म्हणून तिला भिंगरी म्हणत. मोठेपणी ती गरगर सायकलच्या चाकांत उतरली, एवढाच काय तो फरक.

या सरावाची रीत समजून घेतली पाहिजे. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचे बहुतेक बळ समोरचा वारा कापण्यातच खर्ची पडते. पुढे मोठे वाहन चालत असेल, तर तो वारा वाहनाच्या अंगावर जातो, आणि त्याच्या पाठीशी निवांत हवेचा एक कोपरा तयार होतो. त्या कोपऱ्यात शिरून सायकल चालवली, की पाय एरवी गाठू शकणार नाहीत अशा वेगाला सरावतात. परंतु कोपरा लहान. आणखी हातभर मागे राहिले की तो हातचा जातो. म्हणून पिकअप हाकणाऱ्याने काठोकाठ भरलेले भांडे नेत असल्याप्रमाणे ती न्यावी लागते. एकाएकी ब्रेक दाबणे हे तेथे महापातक. थंडोबा गाडी तशीच चालवी. त्याची सारी भीती त्या वेळी त्याच्या तळपायात येऊन बसे आणि फार उत्तम काम करी. काळजी करणाऱ्या माणसाइतका चांगला सारथी अशा कामाला मिळणे कठीण, असे भिंगरी अभिमानाने म्हणे.

आणि मग एका सकाळी तो दगड आला.

दगड कसला, खडाच. पिकअपच्या मागच्या चाकाने उचलला आणि भिरकावला. भिंगरीने डोळ्यांवर रुंद काचेचा चष्मा लावला होता. खडा चष्म्याच्या काठाच्या अगदी वर, भुवईवर बसला. पोरगी पडली नाही. घरी येईपर्यंत हनुवटीवरून रक्त ठिबकत होते आणि ती हसत होती. डॉक्टरांनी टाके घातले, हात धुतले, आणि "बोटभर खाली लागला असता तर..." एवढेच म्हणून टॉवेल घेतला. ते अर्धे वाक्य थंडोबा बरोबर घेऊन घरी आला. त्या रात्री झोप लागेपर्यंत त्याने ते नाना प्रकारे पुरे करून पाहिले.

त्याची बायको दुकानातले हिशेब पाही, गिऱ्हाइकांना वेळा देई, आणि अडल्यास पिकअपही चालवी. तिला वाक्य पुरे करण्याची गरज वाटली नाही.

"मी आत्ताच सांगून ठेवते," ती म्हणाली. "चाकामागे रबर लागल्याशिवाय पोर त्या गाडीच्या मागे जाणार नाही. रबर नाही तर सराव नाही. आणि लावूनही परत काही झालं, तर सायकल माळ्यावर आणि विषय बंद."

"आई, निवड चाचणी महिन्यावर आलीय!"

"डोळा गेला तर कशाने देशील चाचणी? उरलेल्या एकाने?"

"अगं, असं अभद्र बोलू नये," थंडोबा कळवळून म्हणाला.

"मी बोलते आणि तुम्ही रात्रभर मनात घोकता. अभद्र कोण ते ठरवा."

भिंगरीने बापाकडे पाहिले. ती चाचणी म्हणजे तिच्या कित्येक वर्षांच्या पहाटांचे फळ होते, हे घरात कोणी कोणाला सांगावे लागत नव्हते. सकाळचा चहा होताच थंडोबा बाजाराच्या टोकाला असलेल्या रबरवाल्याकडे निघाला.

रबरवाला त्याचा जुना स्नेही. गाड्यांची आसने, हातमोजे, आरसे, पायपुसणी असे सर्व काही त्याच्या दुकानात छताला टांगलेले असे, आणि गिऱ्हाइकाला वाकूनच आत यावे लागे.

"या थंडोबा! आज दुकान सोडून उन्हात कसे? वितळाल!"

"मडफ्लॅप दाखव. मागच्या चाकांचे."

"आत्ता सुचलं? बरं, हे बघ. यावर वाघाचं तोंड आहे. मागचा गाडीवाला बघूनच लांब राहतो."

"मागे माझी मुलगी असते."

"मग ससा दाखवू?"

थंडोबा हसला नाही. तेव्हा रबरवाल्याने थट्टा आवरती घेतली आणि एकेक नग खाली काढला. पहिले होते पातळ रबर. थंडोबाने ते टोकाला धरून झुलवले. वेगात ते वाऱ्याने आडवे होईल आणि ज्यासाठी लावायचे तेच करणार नाही, हे त्याला उमगले. दुसरे कडक प्लास्टिकचे, चकचकीत. परंतु गाडी मागे घेताना एखाद्या पायरीला टेकले तर तडकेल, आणि तडकलेला तुकडा सुटून रस्त्यावर पडेल, आणि रस्त्यावर पडेल म्हणजे कोणाच्या पुढच्या चाकाखाली पडेल? त्याने ते हात भाजल्यासारखे खाली ठेवले. तिसरे मात्र जाडजूड, आत दोऱ्याचे विणकाम असलेले रबर. ते त्याने दुमडले, नखाने ओरखडले, वास घेतला. रबराचे त्याला जन्माचे ज्ञान. फ्रीजच्या दाराचे रबर सैल पडले की आतली थंडी जाते. दारात कागदाची पट्टी धरायची, दार लावायचे, पट्टी ओढायची. सहज निघाली तर फट आहे. घराघरांत त्याने हेच केले होते. फट शोधावी आणि फट बुजवावी. साऱ्या आयुष्यात त्याने जे जे वाया जाताना पाहिले, ते फटीतूनच गेले होते.

"हे चांगलं आहे," तो म्हणाला.

"जोडी बांधू?"

थंडोबाची दृष्टी कोपऱ्यातल्या एका गुंडाळीवर गेली. "ते काय?"

"ते मोठ्या ट्रकचं. अखंड असतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"तेच दे."

"अरे बाबा, दगड चाक फेकतं. तुझ्या गाडीला मधे चाक आहे का?"

"ती मधोमध असते. तिला लागला. म्हणजे मधूनच आला."

"तू आलेला बघितलास?"

"बघितला असता तर लागू दिला असता का?"

रबरवाल्याने कपाळावर हात मारला. "यावर मी काय बोलणार? घेऊन जा. वर पडदेही देऊ का, खिडक्यांना?"

दुकानामागच्या अंगणात, मेलेल्या फ्रीजांच्या रांगेसमोर पिकअप उभी केली होती. थंडोबाने कामाला हात घालण्यापूर्वी दोन जुने फ्रीज गाडीत चढवून घेतले. गाडी रिकामी असता माप घेतले आणि पुढे ओझ्याने स्प्रिंगचे पाटे दबले, तर रबर जमिनीला घासेल. तेव्हा माप घ्यायचे ते ओझ्यासकट. मग जॅक लावला, चाके उतरवली, आणि पाठीवर निजून तो गाडीखाली सरकला. चॅसिसच्या आडव्या तुळईला ड्रिलने भोके पाडताना लोखंडाचा कीस त्याच्या मिशीत पडत होता. सायलेन्सरच्या जवळ रबर वितळू नये म्हणून तेथे त्याने हळुवार एक खाच कापली. बोल्ट रबरातून फाटून निसटू नयेत म्हणून मागून लोखंडी पट्टी, पट्टीवर रुंद वॉशर, आणि वॉशरवर धक्क्याने न सुटणारे नट. बायको मागे उभी राहून रबर उचलून धरत होती.

"जरा डावीकडे," गाडीखालून आवाज आला.

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"गाडीच्या."

"गाडी माझ्याकडे पाठ करून उभी आहे. तिचं आणि माझं डावं एकच. आडवे पडलेत तुम्ही. तुमचंच काय ते बघा."

"बरं बरं. मग तुझ्या डावीकडे. जास्त नको!"

काम संपले तेव्हा दोन्ही चाकांच्या मागे आणि मधल्या जागेतही काळा, जड, सरळ पडदा लोंबत होता. खाली जमिनीपासून चार बोटे मोकळी ठेवणे भाग होते. तेवढी फटही थंडोबाच्या मनाला टोचली. तो गुडघ्यांवर बसून ती न्याहाळत असता भिंगरी आली. भुवईवर पट्टी होती. सायकल भिंतीला टेकवून तीही बापाशेजारी बसली, आणि मान वाकडी करून पिकअपच्या पोटाखाली पाहू लागली.

"बाबा, मधेही लावलंत?"

"मधेच तर लावलंय!" तो विजयाने म्हणाला.

"थोडं वर घेता येईल का?"

"वर? वर कशाला?"

भिंगरीने आईकडे पाहिले. आई हाताची घडी घालून उभी होती; रबर नाही तर सराव नाही, हे तिच्या उभ्या राहण्यातच लिहिलेले होते.

"काही नाही, सहज विचारलं," भिंगरी म्हणाली. "छान झालंय."

बापाने त्यातले "छान" तेवढे ऐकले.

नव्या रबरासह सराव सुरू झाला. खडीचा भाग आला की मागून ठप, ठप असा आवाज येई, आणि प्रत्येक आवाजासरशी थंडोबाला वाटे, हा एक चुकला, हाही चुकला. प्रथमच त्याला रस्त्यावर गुणगुणावेसे वाटले. परंतु जो मनुष्य काळजी करण्यासाठीच जन्माला आला आहे, त्याच्याकडे ती फार दिवस पाठ फिरवत नाही. आतल्या आरशातून त्याला फाळक्यावर मुलीच्या शिरस्त्राणाचा लाल माथा तेवढा दिसे. पूर्वी तो माथा खिळा ठोकल्यासारखा स्थिर असे. आता तो डावीकडे झुके, उजवीकडे झुके, मागे पडे, आणि पुन्हा धडपडत जवळ येई. मधूनच तो इतका खाली जाई की दिसेनासा होई. मग थंडोबाचा श्वास अडके आणि माथा पुन्हा वर आल्यावरच सुटे.

घरी आल्यावर पेला उचलताना तिचा हात थरथरे. खांदे लाकडासारखे ताठ. आई तेल लावून ते चोळी आणि नवऱ्याकडे पाही.

"काही होतंय का गं?" थंडोबा विचारी.

"काही नाही, बाबा."

"वेग जास्त होतो का?"

"वेग बरोबर आहे."

"मग अशी का इकडेतिकडे होतेस?"

"वाऱ्यामुळे."

वारा तर गाडीच्या अंगावर जात होता. मुलगी खोटे बोलत आहे हे त्याला कळले, आणि का बोलत आहे याचे उत्तरही त्याने स्वतःच शोधून काढले: दगडाची भीती तिच्या मनात बसली आहे. तिचा रबरावर विश्वास नाही. मग रबर अधिक विश्वासाचे केले पाहिजे! त्याच संध्याकाळी त्याने गाडीमागे बसून नीट पाहिले, तेव्हा रबराची वरची कड आणि बंपर यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ त्याला सापडली. बोटभर फट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला स्वतःचीच लाज वाटली. अशी फट एखाद्या फ्रीजला ठेवली असती, तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता! त्याने दुकानातून फ्रीजच्या दाराचे नवे रबर आणले, ती फट बुजवली, कागदाची पट्टी घालून ओढून पाहिली. पट्टी हलली नाही. तेव्हा कोठे त्याला जेवण गेले.

दुसऱ्या सकाळी नळाचे काम करणाऱ्यांनी रस्त्याच्या मधोमध खणून ठेवलेला एक खड्डा पुढे आला. थंडोबाने तो दुरूनच पाहिला आणि नेहमीच्या रीतीने दोन चाकांच्या मध्ये घेतला. गाडीला धक्कासुद्धा बसला नाही. पुढच्याच क्षणी पाठीमागे "धाड" असा आवाज झाला आणि आरशातून लाल माथा नाहीसा झाला.

त्या क्षणी ब्रेक दाबावा असे त्याच्या सर्वांगाने ओरडून सांगितले. परंतु ती खाली पडली आहे की अजून मागेच येत आहे, हे ठाऊक नव्हते. आणि मागेच असेल तर ब्रेक म्हणजे घात. त्याने पाय नुसता उचलला. गाडी आपल्या वेगाने, कोणाची पर्वा नसल्यासारखी, संथपणे मंदावत राहिली. तेवढ्या अंतरात थंडोबाने काय काय पाहिले, ते त्याने पुढे कोणालाही सांगितले नाही. गाडी थांबली तेव्हा दार उघडे टाकून तो मागे धावला.

भिंगरी उभी होती. एका पायावर भार, कोपर खरचटलेले, आणि पुढचे चाक पापडासारखे वाकलेले.

"लागलं? कुठे लागलं? डोकं? डोक्याला लागलं का?"

"नाही, बाबा. उतरले मी, पडले नाही. बाबा, आईला सांगू नका. माझंच लक्ष नव्हतं."

त्याने मागे वळून पाहिले. खड्ड्यात घंगाळ मावले असते. "एवढा मोठा खड्डा तुला दिसला नाही?"

मुलीने चाकाकडे पाहत मान हलवली. "नाही दिसला."

हे दोन शब्द त्याच्या काळजात रुतले. नाही दिसला! म्हणजे त्या दगडाने नुसती भुवई फोडली नव्हती. डोळ्याच्या आत काही बिघडले होते, आणि पोरगी ते लपवत होती. म्हणूनच डोके इकडेतिकडे वळवत होती, म्हणूनच पेला धरताना हात कापत होता. साऱ्या खुणा कशा एकमेकींना जुळल्या! घरी पोहोचताच त्याने तिला खोलीच्या एका टोकाला बसवले आणि दुसऱ्या टोकाला स्वतः वर्तमानपत्र उघडून उभा राहिला.

"वाच."

"काय?"

"काहीही. खालची ओळ वाच. डावा डोळा झाक आधी."

"'दोन खोल्यांची जागा भाड्याने देणे आहे.' बाबा, तुम्ही कागद उलटा धरला आहे, तरी वाचतेय मी. डोळे ठीक आहेत माझे."

"मग खड्डा का दिसला नाही?"

भिंगरी खरचटलेले कोपर झाकू लागली. आणि तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला, "कसला खड्डा?"

वाकलेले चाक अंगणात पत्र्याच्या आड ठेवले होते. परंतु ज्या बाईला कपाटातला चमचा हललेला कळतो, तिच्यापासून चाक काय लपणार! तिने ते पाहिले, मुलीचे कोपर पाहिले, आणि शांतपणे म्हणाली, "शिडी कुठे आहे? माळ्यावर टाकते सायकल."

"आई, नको ना! माझीच चूक होती!"

"चूक कोणाची ते मी विचारलंच नाही."

थंडोबा दोघींच्या मध्ये उभा होता. भीतीने त्याला आजवर पुष्कळ गोष्टी करायला लावल्या होत्या. परंतु त्या घटकेला एक प्रश्न त्या भीतीहूनही मोठा झाला. डोळे ठीक आहेत, खड्डा मोठा आहे, उजेड स्वच्छ आहे. आणि तरीही दिसला नाही. तर मग त्या जागेवरून दिसते तरी काय?

"एकदा मला तिच्या जागी जाऊ दे," तो बायकोला म्हणाला. "तू गाडी चालव, मी मागून सायकलवर येतो. मग माळ्यावर काय टाकायचं ते ठरवू."

"तुम्ही? तुम्हाला दूध आणायला सायकलवर जायची भीती वाटते!"

"म्हणून तर हळू चालव."

भिंगरी गाडीत आईशेजारी जाऊन बसली.

रस्ता सपाट आणि मोकळा होता. दुकानाची जुनी जड सायकल घेऊन थंडोबा पिकअपच्या मागे लागला. गाडी ज्या वेगाने चालली होती, त्या वेगाची भिंगरीला लाजच वाटली असती. परंतु त्याची छाती धपापत होती. अंतर कमी कमी करीत तो फाळक्यापाशी आला, आणि अकस्मात वारा थांबला. कानातला घोष गेला, सायकल हलकी झाली. यालाच ती निवांत कोपरा म्हणत असावी! क्षणभर त्याला तेथे फार बरे वाटले. मग त्याने समोर पाहिले.

समोर फाळका होता. फाळक्याखाली बंपर, बंपरखाली त्याच्याच हाताने बसवलेला काळा पडदा, आणि पडद्याखाली चार बोटे उजेड. संपले. जो रस्ता रोज काचेतून त्याच्यापुढे उलगडत येई, त्यातला हातभरही येथे शिल्लक नव्हता. जमीन एकदम त्याच्या पुढच्या चाकाखालीच जन्माला येत होती. पुढच्या क्षणी ती असेल की नसेल, हे ती आल्यावरच कळत होते. त्याच्या बोटांनी हँडल असे आवळले की गाठी पांढऱ्या पडल्या. खांदे आपोआप कानांपर्यंत चढले. काही तरी दिसावे म्हणून त्याने मान डावीकडे काढली. वाऱ्याने तोंडावर थप्पड मारली. उजवीकडे काढली, तिकडेही तेच. मग तो खाली वाकला, रबराच्या वरच्या कडेपाशी कोठे फट आहे का ते शोधू लागला, आणि ती फट त्याला सापडली. ती पांढऱ्या रबराने, कागदाची पट्टीही हलू नये इतकी नीट, बुजवलेली होती.

तो पाय मारायचा थांबला. पिकअप पुढे गेली, वारा पुन्हा अंगावर आला, आणि रस्ता दिसू लागला. बायकोने आरशात त्याला मागे पडलेला पाहून गाडी हळूहळू कडेला घेतली. दोघी उतरून आल्या तेव्हा तो सायकल धरून उभा होता.

"काय झालं? पडलात का?"

"काही दिसत नाही गं तिथून," तो म्हणाला. "काहीच दिसत नाही. ही इतके दिवस आंधळ्यासारखी माझ्या मागून धावत होती."

भिंगरी खाली पाहत होती.

"आधी काय दिसायचं तुला?" त्याने विचारले.

"गाडीखालून सगळं दिसायचं, बाबा. तुमची पुढची चाकं, मधला रस्ता. खड्डा तुमच्या पुढच्या चाकांच्या मधे आला की मला कळायचं, मी बाजूला व्हायचे."

"आणि मी खड्डे मधे घ्यायचो."

"म्हणजे सरळ माझ्या ताटात वाढायचात." तिला हसू आले आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आले. "रबर लावल्यावर वरच्या फटीतून थोडं दिसायचं. वाकलं की. मग तुम्ही ती पण..."

"बोलली का नाहीस? मी काय राक्षस आहे?"

"आई म्हणाली होती, रबर नाही तर सराव नाही. काढा म्हटलं असतं, तर दोन्ही गेलं असतं."

 आईने पदराने मुलीचे तोंड पुसले. जरा जोरानेच पुसले.

"मी रबर लावा म्हणाले होते," ती नवऱ्याला म्हणाली. "भिंत बांधा कुठे म्हणाले होते?"

अंगणात परत येताच थंडोबाने प्रथम ते पांढरे रबर ओरबाडून काढले. मग सायकलला दुसरे चाक बसवून भिंगरी उभ्या पिकअपच्या मागे, आपल्या अंतरावर, पायडलवर पाय ठेवून बसली. बापाने मागून सायकल सावरून धरली. आई हातात खडू घेऊन रबरापाशी उकिडवी बसली.

"इथपर्यंत?" आईने मध्यभागी एक रेघ ओढली.

"अजून वर."

"इथपर्यंत?"

"अजून, आई."

"अगं, मग मधे उरलं काय?" थंडोबा मागून म्हणाला. "दोन बोटं तरी खाली घे. चाकांमागचं पुरतं राहू दे, तिथे मी हात लावू देणार नाही, पण मधलंही दोन बोटं..."

"नाही, बाबा. दोन बोटांत एक चाकभर रस्ता झाकला जातो."

"आणि मधून दगड आला तर?"

भिंगरीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. भुवईवरची जखम अजून लाल होती.

"आला तर दिसेल ना, बाबा."

 त्याने बायकोकडे पाहिले. माळा तिच्या हातात होता, शिडी तिच्या हातात होती, आणि खडूही तिच्याच हातात होता. तिने बराच वेळ मुलीच्या डोळ्यांपासून रबरापर्यंतची वाट नजरेने चालून पाहिली. मग मुलीने सांगितले होते तेथे, वर, रेघ ओढली आणि ती पुन्हा गिरवून जाड केली.

थंडोबाने सुरी साबणाच्या पाण्यात बुडवली, कारण कोरडी सुरी रबरात अडते. पहिला काप घेताना त्याचा हात थांबला. जाड, चांगले, दोऱ्याने विणलेले रबर. बुजवलेली जागा स्वतःच्या हाताने उघडी करण्याचे काम त्याने आयुष्यात केले नव्हते. आत काय शिरेल आणि काय निसटेल, याचे विचार एकामागून एक येऊ लागले. त्याने ते येऊ दिले आणि सुरी रेघेवरून पुढे नेली. कोठेही तो रेघेच्या खाली घसरला नाही. शेवटचा धागा तुटला आणि मधला तुकडा धप्पकन त्याच्या मांडीवर पडला.

"आता याचं काय करायचं?" बायकोने विचारले.

"ठेव. न्हाणीच्या दाराखाली लावू. तिथून फार वारा येतो."

"लावा. तिथे कोणी सायकल चालवत नाही."

भिंगरी मागेच थांबली होती. शिरस्त्राणाचा पट्टा आवळून झाला होता. "एक फेरी, बाबा. आत्ताच. नाहीतर तुम्ही रात्रभर विचार कराल."

तो गाडीत बसला. बायको शेजारी चढली आणि समोर न पाहता मागच्या काचेकडे वळून बसली. अंगणाबाहेर, मोकळ्या रस्त्यावर पिकअपने वेग घेतला. थोड्या वेळाने तो खणलेला खड्डा दूरवर दिसू लागला.  हा खड्डा बाजूने घ्यावा, असे थंडोबाच्या मनात आले. पण गाडी वळवली तर पोरीचा निवांत कोपरा जाईल. त्याने स्टिअरिंग सरळ धरले. खड्डा दोन चाकांच्या मध्ये आला आणि गाडीखाली गेला. मान आरशाकडे वळू लागली.

"तुम्ही समोर बघा," बायको म्हणाली. "मागचं मी बघतेय."

"काय करतेय ती?"

बायको काचेला आणखी टेकली.

"गेली बाजूने," ती म्हणाली. "आली परत. रस्ता बघतेय."